रोज एक बादली पाणी

बिसराम : … अन् मी काय म्हनतो, उजेडी तुले थो आवाज भेटनारच नाई. तू आपला स्क्रू खोलून पाहून राहिला, पन आता त्यात काईच नाई. दिवस बुडू दे.

देवीदास : बिसराम, हा ॲम्प्लिफायर आहे का वटवाघूळ? दिवसभर झोपते अन् अंधार पडला की उठते?

बिसराम : हास. छोटेलालबी हासला. गोंदियाले तीन खेपा नेला याले, फटफटीवर मांडीत धरून. त्याच्या दुकानात निरा चोख वाजते. घरी आनला का दिवस बुडल्यापासून टक. टक. टक.

धुरपताबाई : दोन महिन्यापासून सांगून राहिली मी, पाल आहे. पाल बोलते भितीवर, अन् हे स्क्रू खोलतेत डब्ब्याचे.

बिसराम : पाल मोजून बोलते का वो? घड्याळासारखी?

धुरपताबाई : शिस्तीची असंल. या घरात कोनी त असावं.

देवीदास : छोटेलालनं काय काय बदललं?

बिसराम : मोठे कंडेन्सर बदलले दोन. व्हॉल्यूमचा कंट्रोल धुतला. मंग म्हने, काका, मशीन एकदम ओके है, आप अपना कान दिखाओ.

देवीदास : असं म्हणाला?

बिसराम : तोंडावर. अन् योगराज त त्याच्यापुढं. फागुनात त्याच्या सालीचं लग्न झालं ना नागपूरले, तवा आठ दिवस तिथीच होतो मी. मांडवात डीजे माह्या छातीसमोर. दोन दिवस कानात शिट्टी वाजली. घरी आलो, शिट्टी गेली, अन् त्याच संद्याकाळपासून हा टक. योगराज म्हनते, बाबा, मशीनले काई नाई झालं, डीजेनं तुमचा कान गेला. उद्या सकाळी कार घेऊन येते. गोंदियाले कानाच्या डॉक्टरपाशी अकराचा नंबर लावून ठेवला त्यानं.

देवीदास : मग दाखवून ये ना. डॉक्टर काय खाऊन टाकते का तुला?

बिसराम : मले भेव लागून राहिलं, देवीदास. डब्बा बिघडला त चालते. डब्बा सुधरते. कान कोन सुधरवते? वावर आता ही पाहाते, गाई ही पाहाते. माह्यापाशी संद्याकाळचे हे दोन घंटे आहेत, हा डब्बा अन् गान्याचे शंभरक तवे. कानच नासला असंल त मी कोनाजवळ बसू?

धुरपताबाई : माह्याजवळ बसा. शेंगा सोलाच्या आहेत.

बिसराम : आयकलं? अख्ख्या तालुक्यात या डब्ब्याले समजनारा तू एकच. तुया कानानं थो टक आयक, अन् उद्या योगराजले येवढंच सांग का आवाज आहे. दुसरं काई नोको मले.

देवीदास : साडेसातची बस शेवटची आहे तिरोड्याची. तोवर आला आवाज तर आला.

बिसराम : येते. येनार कसा नाई. अन् तू फोन काऊन उचलत नाई गा? दहा खेपा लावला. दर खेपी अतुलच उचलते, बाबा झोपले म्हनते. सकाळी दहालेबी झोपले, दुपारी चारलेबी झोपले.

देवीदास : मोबाईलचं बटन जमत नाही यार मला.

बिसराम : ज्या मानसानं येवढा ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळला त्याले बटन जमत नाई.

देवीदास : गुंडाळला. एक्याऐंशी साली, याच ओसरीत बसून. आठशे वेढे झाले होते अन् वहिनींनी मधातच चहा आणला. मी आकडा विसरलो. सगळा उकलला अन् पहिल्यापासून सुरू.

धुरपताबाई : तवापासून मी विचारूनच चहा ठेवते. ठेवू का?

देवीदास : ठेवा. आज काही मोजत नाही मी. बिसराम, एखादा तवा लाव. वाजता वाजता पाहू.

बिसराम : हा लावतो. माहा आवडीचा आहे. आयक.

देवीदास : वा. काय गातो बुवा. गळा आहे का काय आहे.

बिसराम : बाई गाऊन राहिली, देवीदास.

देवीदास : बाईच म्हणालो मी. गाते म्हणालो. तुझा कान खरंच दाखवून ये.

धुरपताबाई : हं. भाऊजी, चहात साखर टाकू का मीठ?

बिसराम : देवीदास, थे तुले विचारून राहिली.

देवीदास : हं? हो, टाका ना वहिनी. नेहमीसारखं.

धुरपताबाई : नेहमीसारखं. बरं. घ्या. कसा झाला?

देवीदास : मस्त. तिरोड्यात असा चहा नाही भेटत.

धुरपताबाई : नाईच भेटत. बसा तुमी दोघं. दिवस बुडला, मी डुकराच्या मशीनचं बटन दाबून येते.

बिसराम : जाय, जाय. आता तू काळं झाकन लावू नोको गा देवीदास, उघडाच राहू दे. याच टायमाले होते. बस, थोडासा… आला. आला. आयक.

देवीदास : हं.

बिसराम : आयकला ना? टक. हा पाय, परत टक. बाईच्या गळ्यात खडा मारून राहिलं कोनी असं.

देवीदास : हो. आहे थोडासा.

बिसराम : थोडासा? तू त डोकं असं हालवून राहिला का जसं काई तुले… बरं, किती वेळानं येते सांग. मोज.

देवीदास : येते थोड्या थोड्या वेळानं.

बिसराम : मी बोटानं टिचकी मारतो, त्याच्यासंगं येते का मांगून? सांग.

देवीदास : संगंच.

बिसराम : मी टिचकी मारलीच नाई अजून.

देवीदास : तो स्क्रू दे इकडं.

बिसराम : तुले नाई येत आयकू. येते म्हनून राहिला, माह्या मनासाठी. म्हंजे डब्ब्यात काईच नाई. छोटेलाल खरा, योगराज खरा. राहू दे मंग. तवा काढून ठेवतो. याले गुंडाळ, कारमंधी घालून देतो उद्या, योगराजले जे कराचं ते करू दे.

देवीदास : थांब.

बिसराम : कायले थांबू. तू सगळ्यात हुशार मिस्त्री. तुलेच आयकू येत नाई त आवाज नाईच. माह्याच डोक्यात पाल बसली.

देवीदास : थांब म्हणतो ना. मला आवाज येत नाही याचा अर्थ आवाज नाही असा नाही होत.

बिसराम : मंग काय होते?

देवीदास : मला काहीच येत नाही, बिसराम. तुझा टक नाही, बाईचा गळा नाही, बसचा हॉर्न नाही. समोर माणूस तोंडाकडे पाहून बोलला तर समजते. पाठीमागून बोलला तर भिंत बोलली. फोनमध्ये तर तोंडच नसते. म्हणून अतुल उचलते.

बिसराम : कवापासून?

देवीदास : पाच वर्षं झाली असतील. चाळीस वर्षं भोंग्याच्या तोंडाशी उभा होतो. चौदा एप्रिल असो, गणपती असो, मंडईची जत्रा असो, माईक चेक म्हणायचं अन् भोंग्यात कान घालायचा. दुकान बंद केलं तेव्हा लोकांना डोळ्याचं कारण सांगितलं. देवीदास साउंडवाला बहिरा झाला, हे कोणत्या तोंडानं सांगू?

बिसराम : मले त सांगाचं.

देवीदास : तुलाच तर सांगायचं नव्हतं. तुझा हा डब्बा मी बांधला. सांगितलं असतं तर तू मला त्याला हात लावू दिला असता का?

धुरपताबाई : मले माहीत होतं.

देवीदास : वहिनी, तुम्ही कधी आल्या?

धुरपताबाई : आत्ताच. पन माहीत चहापासून आहे. तुमच्या पाठीमागून विचारलं, साखर टाकू का मीठ. तुमी नेहमीसारखं म्हनलं. म्हनून चिमूटभर मीठ टाकलं. तुमी आख्खा कप पेले अन् मस्त म्हनलं.

देवीदास : मला वाटलं तुमच्याकडे आजकाल असाच करतात.

बिसराम : हासू नोको वो तू. आता आमी दोघं कामातून गेलो. याले आयकू येत नाई अन् मले जे नाई ते आयकू येते. कोनाले साक्षी ठेवू उद्या?

देवीदास : कान गेला, हात नाही गेला. सरक. मी चप्पल बाहेरच काढली आहे ना? पाय खाली फरशीवर. आता ही मागची पट्टी पकडतो, बॉडीची… अरे बाप्पा.

बिसराम : काय झालं?

देवीदास : चावलं. बारीक मुंगीसारखं. परत. परत. तू आजवर कधी इथं हात नाही लावला?

बिसराम : मी समोरचे बटनं फिरवतो. ते त प्लास्टिकचे आहेत. मांगं कायले हात घालू?

देवीदास : बरोबर. आता असं कर. तू डोळे मीट. तुला टक ऐकू आला की उजव्या हाताचं बोट वर कर. मीही डोळे मिटतो. मला चावलं की मी बोट वर करतो. वहिनी, तुम्ही दोघांच्या बोटांकडे पाहा. कोण चुकते ते सांगा. खोटं नका सांगू.

धुरपताबाई : मी कवा खोटं बोलली? पालीचं सोडून. हं, मिटा.

(दोघे डोळे मिटून बसतात. धुरपताबाई कंदिलाची काच पुसता पुसता थांबते आणि एकदा या बोटाकडे, एकदा त्या बोटाकडे पाहते. मग देवीदासचा खांदा हलवते; तो डोळे उघडतो.)

धुरपताबाई : माय वो.

बिसराम : काय? सांग ना.

धुरपताबाई : संगंच. दहा खेपा पायलं. दोघांचे बोटं संगंच वर जातेत अन् संगंच खाली येतेत. एकबी मांगंपुढं नाई. लेझीम खेळून राहिले जसे.

बिसराम : म्हंजे आहे.

देवीदास : आहे. तुझ्या कानात नाही, मशीनमध्ये आहे. तुझा कान साबूत आहे, बिसराम. माझ्या हाताइतका साबूत.

बिसराम : आयकलं का वो? आहे म्हनते थो. दोन महिने मी… जाऊ दे. डोळ्यात काई गेलं माह्या.

धुरपताबाई : दोन्ही डोळ्यात संगंच गेलं का? पुसा. अन् भाऊजीले पाहू द्या पुढचं.

देवीदास : आता मी सांगतो तसं कर अन् मला तोंड समोर ठेवून सांग. व्हॉल्यूम पूर्ण बंद.

बिसराम : केला. गानं गेलं. टक आहे.

देवीदास : मग तव्याचा दोष नाही, सुईचाही नाही. डाव्या स्पीकरमध्ये येते का उजव्या?

बिसराम : दोन्हीत. बरोबर.

देवीदास : डावं सर्किट वेगळं, उजवं वेगळं. दोघं एकाच संध्याकाळी, एकाच सुरात आजारी पडत नाहीत. म्हणजे जे दोघांत मिळून एक आहे, त्यात गडबड. आता ही मागची हिरवी वायर सोडतो, अर्थिंगची. हं?

बिसराम : गेला. टक गेला. पन घूं सुरू झाला.

देवीदास : घूं आपला जुना पाहुणा. त्याच्याचसाठी तर अर्थिंगचा खड्डा खोदला होता आपण. वायर परत लावतो.

बिसराम : घूं गेला. टक आला.

देवीदास : मग आजार घरातला नाही. वायरीवरून बाहेरून येऊन राहिला. टॉर्च आण, अन् बोलताना आपल्या तोंडावर धरा. खड्डा न्हाणीच्या मागंच आहे ना?

बिसराम : तिथीच. सांभाळून ये, ओलं आहे. हा काय पाइप.

देवीदास : ओलं कसं काय आहे हे? वैशाख चालू आहे. अन् बिसराम, या पाइपाला दोन वायरी काऊन आहेत? एक माझी, हिरवी. ही पिवळी कोणाची?

धुरपताबाई : माही.

बिसराम : तुही?

धुरपताबाई : डुकराच्या मशीनची. तुमी नागपूरले डीजेपुढं नाचून राहिले होते, तवा कैलाश आला झटका मशीन बसवाले. मांगच्या बांधीत उन्हाळी धान आहे, रोज अंधार पडला का रानडुकरं घुसत होते. त्यानं बांधीभोवती तार लावली. मंग म्हने, मामी, याले अर्थिंग पाहिजे, तीन सळाखी ठोका लागते, खोल. या मुरमात घन मारला त उसळून हातावर येत होता त्याच्या. मी म्हनलं, कायले मरतं? हे पाय, तयार अर्थिंग आहे. देवीदास भाऊजीच्या हातचं. चाळीस वर्षांत एक दिवस सुकू देल्लं नाई मी.

देवीदास : सुकू दिलं नाही म्हणजे?

धुरपताबाई : तुमीच त सांगतलं होतं, खड्डा बुजवताना. वहिनी, मीठ अन् कोळसा टाकला आहे, आता रोज एक बादली पानी टाकत जा, नाई त मशीन घूं करते. टाकते मी. रोज, दिवाबत्तीच्या टायमाले.

देवीदास : अजून टाकता?

धुरपताबाई : बंद करा असं कोनी सांगतलं का मले?

बिसराम : मले माहीतच नोव्हतं.

धुरपताबाई : तुमाले कसं माहीत राहीन. त्या टायमाले तुमी डोळे मिटून गानं आयकता.

देवीदास : वहिनी, मी सांगून विसरून गेलो होतो. मला वाटायचं, काय अर्थिंग केलं आहे मी, इतक्या वर्षांत घूं नाही. माझ्याच हाताची तारीफ करत होतो.

बिसराम : पन डुकराच्या मशीनचा अन् माह्या गान्याचा संबंध काय?

देवीदास : ते मशीन तारेत झटका सोडते. टक, मग थोडा दम, मग टक. तो जमिनीतून फिरून परत येते. खड्डा एकच, त परत येता येता थोडा तुझ्या वायरीवर चढते. दिवसा वहिनी मशीन बंद ठेवतात, म्हणून दिवसा तुझा डब्बा चोख. अन् छोटेलालच्या दुकानात डुकरं येत नाहीत.

बिसराम : म्हंजे दोन महिने मी डुकराले बसनारा झटका आयकून राहिलो होतो. अन् ही रोज स्वतः बटन दाबून येत होती अन् मले पाल सांगत होती.

धुरपताबाई : मले काय माहीत? माही वायर तुमच्या गान्यात शिरंल असं कैलाशनं नाई सांगतलं.

देवीदास : एक वायर काढावी लागते.

धुरपताबाई : माही नाई निंगत. धान लोंबीवर आहे. एका रात्री डुकरं शिरले त पोत्यानं नाई, सुपानं मोजा लागंल.

बिसराम : पन खड्डा गान्यासाठी खोदला होता. देवीदासनं अन् मी. माह्या हाताले फोड आले होते.

धुरपताबाई : फोड एक दिवसाचे. पानी कोनी टाकलं?

बिसराम : आठ दिवस होते फोड.

धुरपताबाई : कोनी टाकलं म्हनते मी?

बिसराम : तू. बरं. राहू दे तुही वायर. डब्ब्यासाठी दुसरा खड्डा खोदू.

देवीदास : पंधरा पावलं दूर खोदा. तिकडं, आवळ्याच्या झाडाखाली. मुरूम कमी आहे. जुन्या खड्ड्याशी ओळखही नको त्याची.

धुरपताबाई : अन् त्या खड्ड्याले पानी?

बिसराम : मी टाकीन.

धुरपताबाई : रोज?

बिसराम : रोज. गानं लावाच्या आधी. एक बादली.

धुरपताबाई : भाऊजी, तुमी साक्षी. चला आता, साखरेचा चहा ठेवते. जेवूनच झोपा.

देवीदास : झोपा काय, माझी बस आहे साडेसातची.

बिसराम : थे गेली.

देवीदास : कधी?

बिसराम : तू पिवळी वायर धरून बसला होता तवा. दोन खेपा हॉर्न वाजवला तिनं.

देवीदास : मग सांगायचं ना.

बिसराम : मले आयकू आला. म्हनूनच नाई सांगतला. उद्या सकाळी खड्डा खोदतो, तू वायर लाव. अन् मंग योगराजच्या कारमंधी बस.

देवीदास : तिरोड्याला सोडून देईल का तो?

बिसराम : तिरोड्याले कायले. गोंदियाले. अकराचा नंबर लावला आहे, थो वाया काऊन घालवाचा? माहा कान त साबूत निंगाला.

देवीदास : नाही, बिसराम. कानात मशीन घालून फिरू का मी? लोक काय म्हणतील?

धुरपताबाई : लोक पाठीमागून काय म्हनतेत ते तुमाले आता तरी कुठी आयकू येते? मशीन घातलं त आयकू येईन. मंग उत्तर द्या.

बिसराम : चाळीस वर्षं तू जगाचे मशीनं सुधरवले. एक दिवस तू खोलून दाखव. मी संगं आहो.

देवीदास : अन् जर काहीच नाही सुधरलं तर?

बिसराम : त मंग माह्या डब्ब्यावर हात ठेवून बसजो. बाई गाते का मानूस, मी सांगत जाईन.

देवीदास : नंबर तुझ्या नावाचा आहे पण. तिथं बिसराम म्हणून हाक मारतील.

बिसराम : मारू दे. तू उठजो.

देवीदास : मला ऐकू आली पाहिजे ना हाक.

बिसराम : मी बाजूलेच बसून राहीन. हाक आली का बोट वर करीन.